पाडव्यापर्यंतचा चेहरा

“हे काढ,” तानूआत्ती म्हणाली आणि पार्लरच्या खुर्चीत चपलांसकट मांडी घालून बसली.

“आत्ती, पाय खाली सोड. फिरती खुर्ची आहे ती, पडशील.”

“फिरू दे. तू हे काढ आधी.”

तिनं डावा गाल माझ्यापुढं केला. काढण्यासारखं तिथं बरंच होतं. दोन्ही गालांवर वांग पसरला होता आणि डाव्या गालावर, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत, सात-आठ काळे डाग होते. ते काजूच्या तेलाचे. आमच्या आजऱ्यात असे डाग कुणाला नवे नाहीत. कारखान्यातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर ते असतात.

तानूआत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, आमच्याच गल्लीत वेगळी राहिली आणि काजू कारखान्यात लागली, त्याला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. उकडलेली काजूबी कटरच्या पात्यात धरायची, पायानं दट्ट्या दाबायचा, हातानं दांडा ओढायचा, आणि टरफल फोडून आतला गर अख्खा काढायचा. टरफलात काळं चिकट तेल असतं. ते लागलं की कातडी भाजते आणि सोलून निघते. बायका हाताला राख आणि एरंडेल चोळून बसतात, तरी बोटं काळी पडायची ती पडतातच. आत्तीच्या बोटांकडं बघून लहानपणी मी तिच्या हातचा घास नाकारला होता, हे ती दर दिवाळीला न चुकता सगळ्यांना सांगायची.

“आज अचानक चेहऱ्याची आठवण कशी झाली?” मी विचारलं.

“मालकानं आंबोली रोडवर दुकान बांधलंय. गोव्याच्या गाड्या थांबतात न्हवं तितं? पाडव्याला उघडणार. कारखान्यातल्याच दोन बायका घेणार हायत, गिऱ्हाइकाला काजू दाखवायला, बोलायला. मालकाची सून येणार हाय निवडायला.”

“मग तुला घेतीलच. बोलण्यात तुझा हात कोण धरणार?”

“मुकादम बी त्येच म्हणाला. म्हणाला, तानूबाई, तुमचं बोलणं झ्याक हाय, पण तोंड बघून गिऱ्हाईक पळंल.” ती हसली, पण हसू लगेच विरलं. “खुर्ची असती शैले तितं. पंखा असतोय. चोवीस वर्सं टरफलांशी बोलून झालं, आता जरा माणसांशी बोलू दे की. गुडघं बी म्हणत्यात, बाई, पुरे कर.”

मला कळलं, हे नेहमीचं नाही. ही बाई स्वतःसाठी काही मागायला कधी कुणाच्या दारात गेली नव्हती. मला कोल्हापूरला ब्यूटीपार्लरचा कोर्स करू द्यावा म्हणून मात्र ती माझ्या बापाच्या उंबऱ्यावर दोन दिवस न जेवता बसली होती. म्हणून मी कपाट उघडलं. त्या दिवशी उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

तीन वस्तू तिच्यापुढं मांडल्या. जर्दाळूच्या बियांची पूड घातलेला स्क्रब, पपईचा पॅक, आणि ग्लायकोलिक पीलची, म्हणजे कातडीचा वरचा थर उतरवणाऱ्या आम्लाची, बाटली. बाटलीला गिऱ्हाइकं ‘ॲसिड’ म्हणायची आणि लांब सरकायची. आत्ती सरकणाऱ्यातली नव्हती. बाजारात वांगी निवडावीत तसं तिनं एकेक उचलून, दाबून, हुंगून पाहिलं.

“ह्यात रवा हाय,” ती स्क्रब दोन बोटांत चोळत म्हणाली.

“रवा नाही, जर्दाळूच्या बिया आहेत. वरची मेलेली कातडी निघते त्यानं.”

“आन् ही पपई. ही खायची वस्तू.”

“खायची नाही. ठेव ती.”

तिनं बाटलीचं बूच काढून नाकाशी धरलं. “ह्येला वासच न्हाई. झोंबत न्हाई, वास मारत न्हाई, त्ये औषिद कसलं?”

“झोंबतं की. लावून तीन मिनिटं ठेवायचं आणि धुवायचं. मग पंधरा दिवसांनी परत. तुझे डाग पुरते जाणार नाहीत, फिके होतील. त्यालाही सहा वेळा तरी करावं लागतं.”

“पाडवा कवा हाय?”

“पाच आठवड्यांनी.”

“मग साही येळचं एकदम कर.”

मी डोक्याला हात लावला. पुढं पाच आठवडे तो तिथून फारसा खाली आलाच नाही.

ठरलं ते असं. पाडव्याआधी पीलच्या दोन बैठका होतील तेवढ्या करायच्या आणि मधल्या काळात घरी आठवड्यातून एकदा स्क्रब. आधी कानामागं थेंबभर लावून दोन दिवस वाट बघायची होती, त्यावरूनच पहिलं भांडण झालं. “डाग गालावर हायत, कानामागं कोण बघतंय?” मी सांगितलं, कातडीला सोसतंय का ते बघायला लावतात. ती म्हणाली, “माझ्या कातडीनं चोवीस वर्सं काजूचं तेल सोसलंय. तुझ्या ह्या पाण्याला ती काय भिती व्हय?” शेवटी तिला धरून लावलं. दोन दिवसांनी कान ठणठणीत होता, आणि पुढं आठवडाभर “बघ, म्हणलं न्हवतं?” ऐकून माझे कान किटले.

पहिली बैठक झाली. तीन मिनिटं ती एक शब्द बोलली नाही, हेच नवल. धुऊन झाल्यावर मी तिला नियम सांगितले आणि तिच्याकडून वदवून घेतले. आठ दिवस तोंडाला काही लावायचं नाही. उन्हात जाताना ही सनस्क्रीन लावायची. चोळायचं नाही. आठ दिवसांनी एकदाच स्क्रब, तोही हलक्या हातानं. तिनं सगळं शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं आणि स्क्रबची डबी नि सनस्क्रीन कनवटीला लावून गेली.

पाचव्या दिवशी भाकरी द्यायला तिच्याकडं गेले, तर बाई मोरीच्या दगडावर बसून करकरा तोंड घासत होत्या. स्क्रबमध्ये तांदळाचा कोंडा मिसळला होता, वर लिंबू पिळलं होतं.

“आत्ती!”

“थांब, डोळ्यात जातंय.”

“आठवड्यातून एकदा सांगितलं होतं ना? तेही आठ दिवसांनंतर?”

“एकदानं जेवढं निघतं, त्येच्या सातपट रोजनं निघंल की. हिशेब हाय ह्यो.”

“आणि सनस्क्रीन? ती तरी लावतेस का?”

“लावती की. रोज रातच्याला झोपताना.”

“रात्री? रात्री ऊन कुठून येतं?”

“दिवसा लावली तर घामानं व्हावून जाती. फुकट घालवायची व्हय?” मग माझ्याकडं बघून तिनं समजुतीच्या सुरात जोड दिली, “आन् खिडकी उघडीच असती.”

मी भाकरी ठेवली आणि घरी आले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा निदान गप्प तरी असतो.

त्यानंतरचा सोमवार मला अजून आठवतो. कारखाना सुटल्यावर तीन बायका पार्लरच्या दारात उभ्या राहिल्या. तिघींचे गाल लालभडक. मी विचारलं, काय झालं? त्यातली शेवंता पुढं झाली. “तानूबाईंनी तुमचं औषिद समद्यांना थोडं थोडं दिलं. राख लावून घासायचं म्हणाल्या. आता आग आग हुतीया.”

राख! त्यांना आत घेतलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कोरफड लावली, आणि हात जोडून सांगितलं की यात राख घालायची नसते. तेवढ्यानं भागलं म्हणून मी सुटले. गडहिंग्लजला एका बाईचं पार्लर एका नवरीच्या भाजलेल्या तोंडामुळं महिन्यात बंद पडलं होतं. ती हकिगत आमच्या बाजारात चहाबरोबर चघळली जायची. माझ्या पार्लरला उणंपुरं दीड वर्ष झालेलं. गावात चर्चा व्हायला अर्धा दिवस पुरे.

आत्तीला मी खडसावलं तर ती म्हणाली, “एकटीनंच गोरं व्हायचं? बरं दिसतंय व्हय त्ये?”

दुसऱ्या बैठकीला ती आली तेव्हा पाडवा बारा दिवसांवर होता. तिनं पदर बाजूला केला आणि मी बाटली परत कपाटात ठेवली. दोन्ही गाल तांबडे, नाकाच्या बाजूला खपल्या, आणि वांग होता तिथं उन्हानं आणखी काळा पडलेला.

“आज करायचं नाही.”

“का?”

“कातडी सोललीस तू घासून घासून. यावर पील लावलं तर भाजेल. आता महिनाभर काही नाही.”

“महिनाभर? पाडवा कवा हाय?”

“पाडवा गेला खड्ड्यात.”

“तुझ्या तोंडाला काय हाड हाय का?” ती उठून उभी राहिली. “तीन आठवड्यात एक डाग हलला न्हाई. शेवंतानं मानंवरची चामखीळ काजूच्या तेलानं काढली, आठ दिवसांत. कातडी निघाली, खाली नवी कोरी. तुझ्या बिनवासाच्या पाण्यापरीस आमचं तेल बरं.”

बाहेर दोन पोरी भुवया करायला ताटकळत बसल्या होत्या. त्या ऐकत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मग जा, तेच लाव! कारखान्यात पिंपं भरलीत तेलाची. सगळं एकदम सोलून निघेल आणि माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल.”

ती माझ्याकडं बघत राहिली.

“लावू?” तिनं विचारलं.

“लाव, लाव!” मी म्हणाले, आणि दाताखाली दोरा धरून पहिल्या पोरीला आत बोलावलं.

नंतर आठ दिवस ती फिरकली नाही. मला बरंच वाटलं. पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा बाबा म्हणाले, “तानूताई कामावर जात नाही म्हणे. बघून ये जरा.” मी कुरकुरतच गेले.

ती मागच्या पडवीत बसली होती. पदर तोंडावरून ओढून दातात धरलेला. मी तो ओढला. दोन्ही गालांवर रुपयाएवढे फोड होते, काही फुटलेले, खालून ओली लाल कातडी, आणि कडेनं काळं. डावा डोळा सुजून मिटला होता.

मी तिच्यापुढं खाली बसले. पण तोंडातून काय बाहेर पडलं? तर रागच.

“तुला अक्कल आहे का? कोणी सांगितलं तुला हे लावायला?”

“तूच की,” ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

“तीनदा म्हणालीस. मी इचारलं बी, लावू का म्हणून. तू शिकलेली हाईस, तुला ठावं असणार म्हणलं. किती लावायचं त्येवढं इचारायचं ऱ्हायलं बघ. ती चूक माझीच.”

पाच आठवडे मी सांगितलेली एक गोष्ट या बाईनं ऐकली नव्हती. ऐकली ती ही.

मी तिला तशीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दिवा डोळ्यांजवळ आणून पाहिलं आणि विचारलं, “कशानं झालं?”

मी तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाली, “कटरवर तेल उडालं.”

“दोन्ही गालांवर? इतकं सारखं?”

“व्हय. लई जोरात उडालं.”

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, “खोटं कशाला बोललीस?” ती म्हणाली, “गडहिंग्लजच्या बाईचं काय झालं ठावं हाय न्हवं? चल, गोळ्या घ्यायच्यात.” आणि तेवढ्यावर तो विषय तिनं मिटवला.

पाडव्याला जाऊ नको म्हणून मी तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. “तोंड गेलं तरी बोलणं हाय की,” ती म्हणाली. डोळ्याची सूज उतरली होती. गालांवर मलम चोपडून, नवं लुगडं नेसून ती निघाली. मी बरोबर गेले. आंबोली रोडवरच्या त्या दुकानापुढं गुढी उभी होती आणि कारखान्याच्या झाडून सगळ्या बायका जमल्या होत्या. त्यातल्या कितीतरी माझ्याकडं यायच्या.

मालकाची सून केतकी. पस्तिशीची, साधा खादीचा कुर्ता घातलेली, सगळ्यांशी अहोजाहो बोलणारी. बायका तिला वैनी म्हणत. ती एकेकीला काउंटरमागं उभं करायची आणि गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारायची. बाकीच्या लाजून अर्ध्या झाल्या. आत्ती उभी राहिली तशी मुकादमानं कपाळाला हात लावला.

“हा काजू महाग का?” केतकीनं विचारलं.

“कारण ह्यो अख्खा हाय, ताई. ह्येच्या पोटाला पातं लागलेलं न्हाई. दहा बी फोडल्या तर आठ अख्ख्या निघाल्या पायजेत, न्हाईतर मुकादम शिव्या घालतोय. ती पाकळी बघा, चवीला हीच, भाजीत घाला. पण पाव्हण्याच्या पुढं ठेवायचा तर अख्खाच. पाव्हणा मोजत न्हाई, पण बघतोय.”

केतकी मोठ्यानं हसली. बायका हसल्या.  निवड झाली असं मला चक्क वाटलं.

मग केतकीनं विचारलं, “गालांना काय झालं हो?”

“तेल उडालं, वैनी. डाग तर आधीचेच हुते, मुकादम म्हणाला तोंड बरं पायजे, पर आता—”

“डागांचं काय घेऊन बसलात? काजूचं दुकान आहे. काजू फोडणाऱ्या बाईला डाग असणारच, उलट मी लोकांना दाखवीन. मुकादम काहीही बोलतात.” तिचा आवाज बदलला. “पण तेल उडालं म्हणजे मास्क लावला नव्हता?”

आत्तीनं हातातला काजू खाली ठेवला.

“दिवाळीत मी प्रत्येकीला तोंडावर लावायचा मास्क दिला, तानूबाई. हात जोडून सांगितलं होतं, लावल्याशिवाय कटरवर बसू नका.”

खरं तर तो मास्क आत्ती रोज लावायची. सगळ्या कारखान्यात ती एकटीच लावते म्हणून बायका तिला चिडवायच्या. कुणीतरी सांगितलेलं ऐकण्याची तिची ती एकच जागा होती, हे मला माहीत होतं.

मला एक वाक्य बोलायचं होतं. तेल उडालं नाही, लावलं, आणि लावायला मी सांगितलं. दोन पावलं पुढं टाकायची आणि बोलायचं. मी आजूबाजूला पाहिलं. शेवंता होती, त्या भुवयावाल्या पोरी होत्या, त्यांच्या आया होत्या. मी ओढणी सारखी केली.

“इसरले, वैनी,” आत्ती म्हणाली. “न्हाई लावला.”

केतकीला वाईट वाटलेलं दिसत होतं. “मी रोज इथं नसणार. दुकान तुमच्यावर सोडून जायचंय. साधी सांगितलेली गोष्ट जी विसरते, तिच्यावर कसं सोडू, सांगा तुम्हीच.” तिनं शेवंताचं आणि आणखी एकीचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. कडुनिंब-गूळ वाटला गेला आणि आत्तीनं तो हात पुढं करून घेतला.

आत्ती पुढं आणखी नऊ वर्षं कटरवर बसली. माझ्या पार्लरचं मात्र चांगलं चाललं, दोन वर्षांत मी मागची खोलीही त्यात घेतली. केतकीवैनी आजऱ्याला आल्या की माझ्याकडंच यायच्या. त्या प्रत्येक वेळी मी ते वाक्य जुळवलं आणि प्रत्येक वेळी त्यांना वाफ घ्यायला बसवून बाहेर आले.

पाडव्याच्या त्या दिवशी आम्ही दोघी चालतच घरी निघालो. ऊन चढलं होतं. मला वाटलं, ही आता बोलेल, चार शिव्या घालेल, मग मीही रडून घेईन. पण ती रस्त्याच्या कडेनं नुसती चालत होती. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर तिनं विचारलं, “आता ह्येला काय लावू?”

“काही नको. डॉक्टरांचं मलम, आणि गार पाण्यानं धू. चोळू नको.”

“बरं.”

“उन्हात जाऊ नको.”

तिनं तिथंच थांबून पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. पार हनुवटीपर्यंत. “आसं?”

“हो.”

“बरं. तू सांगशील तसं.”

जन्मात पहिल्यांदा ती असं म्हणाली, आणि मला तिचा इतका संताप कधी आला नव्हता. भर बाजारात मी तिचा हात धरून गदागदा हलवला.

“आत्ती, माझं ऐकू नको गं! माझं काही ऐकू नको.”

पदराआडून ती म्हणाली, “बरं.”